गिळलेली फोड
संत्र्याची साल फुटली की तो वास मला सौंसरच्या ऑनलाइनवाल्याच्या दुकानात नेतो. फौजेच्या भरतीचा फॉर्म भरायचा होता. माझं जनरल ड्युटीचं, म्हणजे थेट सीमेवरच्या शिपायाचं, ठरलं होतं. सोबतच्या मित्राचं मात्र क्लार्क व्हायचं की जनरल ड्युटी, हे ठरत नव्हतं. "मले समजून नाही राहिलं," म्हणत त्याने स्वतःच्या बागेतलं संत्रं माझ्या हातात दिलं. "फोडी मोज. सम आल्या तं क्लार्क, नाही तं तुयासंग." दहा निघाल्या. त्याने सोबत यावं म्हणून मी एक गुपचूप गिळली आणि नऊ सांगितल्या. पुढे मेडिकलमध्ये मी बाद झालो. तो एकटाच गेला, आणि सीमेवरून तिरंग्यात परत आला. त्याची आई अजून दर हंगामात संत्री आणून देते. "खाय बेटा, त्याच्याच झाडाची हायेत." तिच्यासमोर मी खातो. शेवटची फोड घशाखाली उतरत नाही.