धाकटीने शिकवलेला श्वास

चाळिशी उलटली तरी घरात ती धाकटीच राहिली. थोरल्या बहिणीचे यजमान मोठे संगीतकार. त्यांच्या आश्रयाने ती राहत असे. सकाळी शर्टांना इस्त्री चालली असता आतून हाक येई, "धाकटे, जरा ये." इस्त्री उभी करून ती पियानोपाशी जाई आणि नवी ओळ गाऊन दाखवी. जिथे तिचा दम तुटे तिथे भावोजी पेन्सिलीने फुली मारत आणि ओळ पुन्हा बांधत. बारा वर्षांतली एकही चाल तिच्या छातीतून गेल्यावाचून कायम झाली नव्हती. मंचावर मात्र त्या चाली गायल्या दुसऱ्यांनी.

आपल्या आईच्या मृत्यूवरचे शोकगीत लिहिताना भावोजी म्हणाले होते, "हे तुझंच. सभागृहात तूच गायचंस." या एका वाक्यावर धाकटीने दोन वर्षे काढली. एक काळा पोशाखही शिवून ठेवला.

कार्यक्रम आठ दिवसांवर आला असता एक नामांकित गायिका घरी आली.

"बाई स्वरलिपी वाचत नाहीत, कानानं घेतात," भावोजी म्हणाले. "तू गाऊन शिकव."

"आणि मी?"

"अगं, तुला बघायला तिकीट कोण काढणार?"

ताई ओठ दाबून हसली. "आरसा आहे ना खोलीत?"

तोंडचा घास गेला होता. आता तो आपल्याच हाताने भरवायचा होता. धाकटीने ओळीमागून ओळ दिली. शेवटची ओळ एका दमात न्यायची, हे कागदावर कुठेच नव्हते. ते तिलाच ठाऊक होते.

"शेवटच्या ओळीतला 'माघारी' शब्द मधोमध तोडायचा," ती शांतपणे म्हणाली. "'माघा' म्हणून श्वास घ्यायचा, मग 'री'."

"विचित्र वाटेल."

"भावोजींना तसंच हवंय."

तालमीत गायिका गळा राखून नुसती गुणगुणली. भावोजी व्हायोलिनवाल्यांना झापण्यात गुंतले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी धाकटी काळ्या पोशाखात शेवटच्या रांगेत बसली. शब्द तुटला. हुंदका फुटावा तसा श्वास सभागृहभर ऐकू आला. ती हशाची वाट पाहू लागली. आधी रुमाल निघाले. मग सारे सभागृह उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी हाक आली. छपाईला जायच्या प्रतीवर भावोजी त्या जागी शाईने श्वासाची खूण करीत होते.

"बारा वर्षं गातेस इथं. एकदा तरी असा श्वास घेतलास? गाणारी म्हणजे ती."

"तो मी शिकवला, भावोजी."

"चुकून?"

"मुद्दाम. गाणं पडावं म्हणून."

त्यांनी लेखणी ठेवली आणि ते मनापासून हसले. "म्हणजे तुला धड बिघडवताही येत नाही. चल, नवी ओळ आहे."

ती पियानोपाशी उभी राहिली. फुली पहिल्याच शब्दावर पडली.