नस ढिली म्हणणारा पैलवान

लिंबायतचा पैलवान वैद्य हळू बोलायचा नाही. तपासायचा पडद्याआड, पण निदान बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असं सांगायचा. "नस ढिली पडनी तुनी, भाऊ!" मग तो बिचारा मिळेल ती पुडी घेऊन तोंड लपवत निघे. आधी माणसाला लाज आणायची, मग ती झाकायला औषध विकायचं, एवढीच त्याची विद्या.

तो कधी आखाड्यात उतरल्याचं धुळ्याकडून इथे कामाला आलेल्या आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. भिंतीवर मात्र खांद्यावर गदा घेतलेला फोटो होता. गदा स्टुडिओतली, पुठ्ठ्याची.

मी जवळच उधन्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो. चाळिशी ओलांडली आणि बायकोजवळ जायचीच भीती वाटू लागली. शरीर साथ देईना. मंगल कधी टोचून बोलली नाही. त्यानंच मी जास्त खचलो. शेवटी पैलवानाकडे गेलो. त्यानं दोन बोटांत मनगट धरलं, डोळे मिटले आणि ओरडला, "जोर कर, जोर! मर्द मानूस घाबरस का?" तंबाखू सोडू का, असं विचारलं तर हसला. "तंबाखूनं गरमी येस. चालू ठेव."

तीन महिने त्यानं दिलेली काळी पुडी खाल्ली. अंग वाळत चाललं, तहान भागेना. एकदा लूमवरच चक्कर आली, तेव्हा मंगलनं सरकारी दवाखान्यात नेलं आणि माझ्यासमोरच डॉक्टरबाईंना सांगितलं, "यांना तोही त्रास आहे. हे लाजतात, म्हणून मी बोलते."

साखर भयंकर वाढली होती. बाईंनी मूठ आवळून दाखवली. "तिथल्या रक्तवाहिन्यांत बारीक स्नायू असतात. ते आपल्या हुकमात नसतात. ते सैल झाले तरच रक्त आत भरतं. साखर, तंबाखू, भीती, सगळ्या त्यांना असं आवळून धरतात. मग जोर करून काय होणार?"

म्हणजे जे आवळलं होतं, त्याला हा गाढव ढिलं म्हणत होता.

मी तडक दुकानात गेलो आणि त्याला तसंच सांगितलं. तो बाकाकडे बघत हसला. "बाईले दखाडी उना का?" माझे कान तापले. पण त्या दिवशी मीही हळू बोललो नाही. "हो, दाखवून आलो. साखर निघाली. तुम्हीही तपासून घ्या रे सगळे." एक जण उठला आणि माझ्यामागोमाग बाहेर आला. दवाखाना किती वाजता उघडतो, एवढंच त्यानं विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या, तंबाखू सुटली. सावकाश, पुष्कळ महिन्यांनी, मंगल आणि मी पुन्हा एकमेकांचे झालो.

गेल्या वर्षी पैलवान वारला. गल्लीतले लोक मला अंत्ययात्रेला बोलवायला आले. मी नाही म्हटलं.

"मेलेल्यावर राग कशाला?" मंगल म्हणाली.

"राग नाही. पण खांदाही नाही," मी म्हटलं, आणि डबा उचलून कामाच्या पाळीवर गेलो.