नाक्यापर्यंत आणि परत

मुदतीच्या तापातून उठलो तेव्हा माझे पाय ज्वारीच्या धाटासारखे झाले होते. भिंत धरल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. बार्शीच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि रोज सकाळी तासभर सायकल मारायला सांगितली. नाहीतर पाय कायमचे गेले समजा, म्हणाले. मी सरकारी शाळेत उर्दूतून गणित शिकवायचो, आणि ते शिकवणं सगळं उभ्यानं. हेडमास्तरांनी दिवाळीपर्यंत रजा दिली होती. त्यानंतर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती. मेहुण्यानं सोलापुराहून एक जुनी सायकल पाठवून दिली.

आमचं गाव परंड्याच्या बाजूचं, निजामाच्या हद्दीच्या अगदी काठावर. सायकल चालेल असा रस्ता एकच होता, गावापासून करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यापर्यंत. नाक्यापलीकडे कालपरवापर्यंतचा इंग्रजी मुलूख. ते दिवस मोठे वाईट होते. पलीकडे निजामाविरुद्ध उठलेल्या पोरांचे कॅम्प पडले होते, अलीकडे पोलिसांचा जाच होता, आणि कोण कुणाचा माणूस हे कळायला मार्ग नव्हता. अशा दिवसांत मी रोज सकाळी नाक्यापर्यंत जायचो, हद्दीच्या दगडाला हात लावायचो आणि परत फिरायचो.

नाक्यावरच्या जमादाराला हे पटेना. "मास्तर, यहां जो आता सो पार जाता," तो म्हणाला, "तुम वापस कायको जाते?"

"पायांसाठी," मी म्हणालो.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, मग सायकलीकडे, मग माझ्या कोटाच्या खिशांकडे.

गावातही तेच. आमच्याकडे शहाणा माणूस सकाळी रिकाम्या हातानं बाहेर पडत नसे. तांब्या, विळा, कासरा, काहीतरी हातात असायचंच. नुसतं जाऊन नुसतं परत येणं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून मी एक युक्ती केली आणि तीच अंगाशी आली. हँडलला एक पिशवी अडकवली, म्हणजे लोकांना वाटावं की मास्तर काही कामानं चाललेत. पिशवी जाताना रिकामी आणि येताना रिकामी. आठवड्याभरात सगळं गाव त्या पिशवीकडे पाहायला लागलं. कॅम्पातल्या पोरांच्या चिठ्ठ्या नेतो म्हणून काही जण मला टाळू लागले, आणि पोलिसांना बातम्या देतो म्हणून बाकीचे.

सगळ्यात जास्त पाहायचा तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारा वाणी. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगानं अवजड, चार पायऱ्या चढला की धापा टाकणारा. मी निघालो की तो दुकानाच्या फळीवरून उठायचा, कमरेचं घड्याळ काढून बघायचा आणि आत जायचा. परत यायचो तेव्हा पुन्हा दारात, पुन्हा घड्याळ. तोंडावर घाम. कधी बोलायचा नाही, नुसती मान हलवायचा. हा माझ्या जाण्यायेण्याच्या वेळा टिपून चौकीवर कळवतो, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका उरली नाही. माझा संताप व्हायचा. खरं सांगायचं तर डॉक्टरांपेक्षा त्या घड्याळानंच मला रोज बाहेर काढलं. गुडघे ठणकत असले, अंथरुणातून उठू नये असं वाटलं, की मनात यायचं, आज गेलो नाही तर हा समजेल मास्तर भ्याला. मग मी उठायचो. पोटऱ्या भरत आल्या त्या अशा चिडीवर.

दसऱ्याच्या सुमारास मला चौकीवर बोलावलं. तिथले फौजदार अमीनसाहेब, त्यांनी पिशवी उलटी करून झटकली, शिवण उसवून पाहिली. काही निघालं नाही. तरी ते म्हणाले, सायकल इथंच राहू दे. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, पायजमा वर करून पाय दाखवले. ते हसले. दिवाळी समोर दिसत होती. सायकल गेली की पाय जाणार, आणि पायांबरोबर नोकरी.

"माझ्यावर नजर ठेवता," मी म्हणालो, "पण आमच्या गल्लीतला वाणी रोज घड्याळ लावून रस्ता बघतो, तो कुणासाठी, ते त्याला विचारा की."

म्हणालो आणि मला बरं वाटलं. हा त्यांचा माणूस असेल तर अमीन गप्प बसतील आणि मला कळेल, एवढाच माझा हिशेब. अमीन गप्प बसले नाहीत. त्यांनी वाण्याचं नाव लिहून घेतलं आणि सायकल मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी वाण्याला नेलं. दोन दिवस ठेवलं. परत आला तेव्हा एक गाल सुजलेला होता आणि कमरेला घड्याळ नव्हतं. सहा-सात दिवस दुकान अर्धंच उघडं राहिलं. मी सायकल काढायचो, पण त्या दारासमोरून जाताना नजर रस्त्यावर ठेवायचो.

एका सकाळी त्यानं हाक मारून मला आत बोलावलं. दुकानामागं लांबट परसू होतं, आणि त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायवाट पडली होती, गवत झिजून माती चकचकीत झालेली.

"मला बी डाक्टरनं चालायला सांगितलंय, मास्तर," तो म्हणाला. "छातीचं दुखणं हाय. पण वाणी माणूस बिनकामाचा रस्त्यानं हिंडला तर लोक काय म्हणतील? म्हणून तुमी निघाला की म्या इथं चालाया लागायचो, तुमी येस्तवर. घड्याळ त्याच्यासाठीच. लई कट्टाळा यायचा, पण मनात म्हणायचो, तापातनं उठलेलं माणूस नाक्यापातुर जाऊन येतंय, मग आपल्याला काय धाड भरलीय?"

त्यानं बसायला पोतं सरकवलं आणि आवाज खाली आणला.

"जपून ऱ्हावा. आपल्याच गल्लीतलं कुणीतरी चौकीवर सांगतंय. म्या कुणालाच बोललो न्हाय ह्ये. तुमच्यावर इस्वास हाय म्हणून सांगतो."

"असेल," मी म्हणालो. "कुणीतरी असेल."