दाबूकाका आणि आईचे हात

चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून दाबूकाकांचं खुराडं आहे. व्हिडिओ दाबून लहान करून देणं हा त्यांचा धंदा. लग्नाची, स्नेहसंमेलनाची अगडबंब फाइल घेऊन लोक येतात आणि फोनवरून पाठवता येईल एवढी करून नेतात. घरी बायकोची बॅगसुद्धा काकाच भरतात, आणि बॅगेवर गुडघा टेकवून भरतात; जित्याची खोड, दुसरं काय. धंद्यात त्यांचा एक नियम होता, आवाजाला धक्का लावायचा नाही. "चित्र जरा मळकं चालतं हो, बोलणं ऐकू आलं पाहिजे," असं ते येईल त्याला सुनवायचे.

एके दिवशी वरच्या मजल्यावरचा टेलर बायकोला घेऊन आला. बाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात, आणि ती भाषा नवऱ्याला व मुलीला येते. मुलगी जहाजावर मेकॅनिक. आईचा या नोकरीला कडाडून विरोध, त्यामुळे पोरगी भांडून गेलेली. आता आईचा राग निवळला होता आणि ते तिला स्वतःच्या हातांनी सांगायचं होतं. पण भर समुद्रात नेट कसलं डोंबलाचं! अगदी चिमुकली फाइलच तिथवर पोचायची.

त्यांनी घरी काढून आणलेल्या व्हिडिओचा काकांनी नेहमीप्रमाणे आवाज जपला आणि चित्र पिळून काढलं. फाइल गेली. दुसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला, 'आई अजून एवढी चिडलीय? नुसती हात झाडतेय. राहू दे, मी पुन्हा त्रास देणार नाही.'

टेलरने तो वाचून दाखवला आणि काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पाठवलेला व्हिडिओ लावून पाहिला. बोटं एकमेकांत मिसळून गेली होती, दिसत होते ते फक्त झटके. आणि जिवापाड जपलेला आवाज? पंख्याची घरघर!

"गाढव आहे मी," काका म्हणाले. "बाई हातांनी बोलतायत आणि मी पोरीला पंखा ऐकवतोय!"

"असं नका म्हणू," टेलर म्हणाला. "गाढवाला स्वतःचं गाढवपण कळत नसतं."

लगेच तिघं वर टेलरच्या घरी गेले. चित्रात हलणारी प्रत्येक गोष्ट जागा खाते, म्हणून काकांनी पडदा काढला, पंखा बंद केला, बाईंना कोऱ्या भिंतीपुढे बसवून नवा व्हिडिओ घेतला. सगळे घामाघूम झाले. मग दुकानात येऊन त्यांनी आवाज साफ पुसून टाकला, चित्र लहान केलं, पण हातांची एकही हालचाल गाळली नाही.

"वाचा आता," त्यांनी फोन टेलरपुढे धरला.

"'रागावले होते. आता नाही. तुझी खोली रोज झाडते,'" टेलर वाचू लागला. "'जेवतेस ना वेळेवर? तुझ्या हातांना...'" तो उगाच गळ्यातला टेप गुंडाळू लागला. बायकोने कोपराने ढोसलं, तेव्हा पुढे म्हणाला, "'तुझ्या हातांना ग्रीस लागलेलं मला चालेल.'"

संध्याकाळी उत्तर आलं, 'कळलं सगळं.'

पुढे जहाज बंदराला लागलं आणि मुलीने लांबलचक व्हिडिओ पाठवला. टेलरचा फोन तुडुंब भरला. "जरा लहान करून द्या," म्हणत तो बायकोसह दुकानात आला. काकांनी व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. ग्रीसने माखलेली पोरगी हसत, दोन्ही हातांनी भराभरा बोलत होती. बाई उभ्या राहून पडद्यालाच उत्तरं देऊ लागल्या. काकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी डोळे भरून आले.

"हा मी दाबणार नाही," ते टेलरला म्हणाले. "फोनमधलं दुसरं काय हवं ते काढून टाका."