तेजूच्या मेंदूची बाजू

शेवटची भेट सांगायची तर आधी स्वतःच्याच दोन थोबाडीत मारून घ्यायला हव्यात. भावकीतल्या त्या हळदीला जायला तेजू तयार नव्हती. मीच तिला साडी नेसवून, दटावून लिफ्टपर्यंत ढकलत नेलं. तेजू म्हणजे तेजश्री, माझ्या मुलाची मुलगी, वय वर्षं एकोणतीस. "आजी, मना नाय जावंसं वाटत. तिथं सगळी जुनीच गँग असंल," ती म्हणाली. "जुनीच बरी गो," मी म्हणाले, "माणसांत गेलीस की खुलशील. किती दिवस पंख्याकडं बघत लोळणार?" लिफ्टचं दार मिटताना तिनं मला जीभ काढून दाखवली, लहानपणी दाखवायची तशी. माझे गुडघे नाच बघण्याच्या लायकीचेही राहिले नाहीत, म्हणून मी घरीच होते. सातच्या सुमारास मुलाचा फोन आला. तो काही बोलेना, मागून नुसता डीजे ऐकू येत होता. मग डीजे मध्येच थांबला. आमच्याकडच्या हळदीत डीजे असा मध्येच कुणी थांबवत नाही... मला कळलं.

तिला जाऊन आता सात आठवडे झाले. तिच्याबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून हे लिहिते.

बदलापूरला तिचं छोटं पार्लर होतं. लग्नसराईत ती पार कर्जतपासून उल्हासनगरच्या कॅम्प एकपर्यंत नवऱ्या सजवायला जायची, पहाटे चारला उठून, भलीमोठी पेटी खांद्याला लावून. तिच्या हाताखालून गेलेल्या नवरीला सख्खी आई ओळखत नसे. आणि हीच मुलगी तीन स्थळांनी नाकारली. मुलगी गुणी आहे, फक्त अंगानं जरा भरलेली आहे, असा निरोप. त्यातला एक नवरदेव तर आमच्या दारातून तिरका होऊन आत आला होता, पण ते कोण बोलणार? तेजू हसून सोडून द्यायची. मला वाटायचं, खरंच सोडून दिलं. मग तिच्याबरोबर नवऱ्यांचे केस बांधणाऱ्या एका बाईनं तिला पांढरी पूड दिली. भूक मरते, झोप उडते, महिन्यात ब्लाऊज सैल होतो, म्हणाली. एमडी म्हणतात ती, नशेची पूड. ब्लाऊज सैल झाला हे खरंय. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मीच सगळ्यांत जास्त.

खरं तर मी ओळखायला हवं होतं, कारण असला शहाणपणा या घरात आधी मी करून बसले होते. माझ्या दिराच्या, नानांच्या लग्नाची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, दोन बाळंतपणं झालेली, आणि सिनेमातल्या बाईसारखं दिसायचं खूळ डोक्यात. शिंप्याला ब्लाऊज मुद्दाम दोन इंच घट्ट शिवायला सांगितला, म्हणजे त्याच्या धाकानं तरी बारीक होईन. काय अक्कल! मग कॅम्पातल्या एका दवाखान्याच्या कंपाउंडरनं वजन उतरवायच्या गोळ्या दिल्या, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. भर दुपारी घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी मी चिंचेनं घासली, ती संपल्यावर शेजारणीची मागून आणली. तोंड थांबेना, पोटाला अन्न नको, डोळ्याला झोप नको. सासूबाईंना मी म्हणाले, "आई, तुम्ही किती सुंदर दिसता!" एवढ्यावरून तरी घरच्यांनी डॉक्टर बोलवायला हवा होता. पुढे तो कंपाउंडर कुठेतरी निघून गेला, गोळ्या बंद झाल्या, आणि मी पंधरा दिवस अंथरुणात. कढईचं झाकण बघूनसुद्धा रडू यायचं. घरच्यांनी काय केलं? नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या, गोडाचा शिरा भरवला. मला वाया गेलेली कुणी म्हटलं नाही. तेजूला मात्र सगळ्यांनी म्हटलं.

तिचं कळलं तेव्हा घरात रडारड झाली, आणि मग अंबरनाथच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तिचे उपचार सुरू झाले. तिथून घरी आली की मला शिकवायची. आम्ही पालेगावला राहतो, आमच्याच जुन्या भातखाचरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. इथे पाणी आणि पंप यांवरून रोज भांडण. तेजूनं तेच धरलं. "आजी, सीन समजून घे. मेंदूत दोन पेशी शेजारी शेजारी, मध्ये एवढीशी फट. काही चांगलं घडलं की एक पेशी त्या फटीत डोपामिनचे चार थेंब सोडते. पलीकडच्या पेशीच्या दारावर ते थेंब पोचले की तिला कळतं, हे बरं होतं, पुन्हा कर. मग पहिलीचा पंप उरलेले थेंब परत ओढून घेतो. संपला विषय."

"आणि पूड घेतली की?"

"पंप उलटा फिरतो. आत ओढायचं सोडून टाकीतलं सगळं बाहेर फेकतो. फटीत पूर. तुझ्या त्या गोळ्याही असल्याच जातीच्या असणार. कुठली दुसरी नशा पंपाचं तोंडच बुजवते, मग थेंब परत जातच नाहीत. पूर तो पूरच."

"मग पूर आल्यावर मजा वाटते?"

"मजा? आजी, अख्खी आयुष्यभराची दिवाळी एका तासात. पण पलीकडची पेशी घाबरते ना गो. रोज पूर यायला लागला की ती आपली दारंच काढून टाकते. मग पुढे नेहमीचे चार थेंब आले तरी आत जाणार कुठून? तुझी वालाची भाजी, पाऊस, पिक्चर, सगळं मेंदूच्या बाहेरच उभं. आणि एमडी एकट्या डोपामिनवर थांबत नाही. सेरोटोनिनचीही टाकी रिकामी करते. झोप, भूक, मन ताळ्यावर ठेवणं, यात त्याचा मोठा हात. म्हणून उतरल्यावर असं वाटतं, की आपण जगात नसतो तर बरं होतं."

ती हे अगदी सहज सांगत होती. मी वाल सोलायची थांबले. विचारलं, "दारं परत बसतात का?"

"बसतात. पण महिने लागतात, काहींना वर्ष. तोवर मी अशीच असणार, बेचव. हिला फक्त वेळ द्या, असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. तू ऐकशील ना?"

"ऐकीन," मी म्हणाले. आणि ऐकलं नाही.

पाच महिने तिनं पुडीला हात लावला नाही. पाच महिने! मी चहा सोडायचा ठरवला की दुपारी चारला मोडते. पण आम्हाला तिचं न घेणं दिसेना, तिचं न हसणं तेवढं दिसे. आवडीची बोंबलाची चटणी केली तर म्हणायची, "छान आहे," आणि ताट सरकवायची. तिचा बाप चिडायचा, "पूर्वी निदान हसायचीस तरी!" आमच्याकडे कुणी गप्प झालं की त्यावर एकच औषध माहीत, माणसांत न्या, वाजवा, नाचवा. म्हणून ती हळद. तिथे ती केस बांधणारी बाईही आली होती, पुडी घेऊन. पाच महिन्यांत शरीराची सवय मोडलेली आणि घेतलं जुन्या मापानं. हृदयाचे ठोके भरकटले, इस्पितळापर्यंतही पोचली नाही, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. लिफ्टपर्यंत ढकलणारे हात माझे होते. हे मी कुणावर ढकलणार नाही.

नानांनी नाक्यावर फ्लेक्स लावला, 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'. खोटं नव्हतं, अर्धं होतं. दहाव्याला नदीकाठी प्रवचन ठेवलं होतं. महाराज बोलता बोलता आजच्या पिढीवर आले, संस्कारांवर आले, मोबाईलवर आले. आसपासच्या माना हलायला लागल्या. मी उठले. "महाराज, तो माइक जरा द्या इकडं."

नाना खालून म्हणाले, "वहिनी, बसा. चार माणसांत शोभा नको."

"शोभा तुमच्या लग्नात मी केली होती नाना, गोळ्या खाऊन," मी माइकवरच म्हणाले. "तुम्ही हळदीत नाचत होता, तेव्हा तुमची वहिनी अख्ख्या आळीची भांडी घासत होती. माझे संस्कार कुठे गेले होते हो?" कुणीतरी खुसकन हसलं. मग मी सांगितलं. तेजू एमडी घ्यायची. तिनं ती पाच महिने सोडली होती. तिचं मन हलकट नव्हतं, तिच्या मेंदूची दारं बंद पडली होती आणि ती एकेक दार परत बसवत होती. आम्ही तिला वेळ दिला नाही. ज्याच्या घरात असं पोर आहे, त्यानं ते लपवू नये आणि त्याला हसवायची घाईही करू नये. महाराजांनी माइक परत घेतला आणि भजन सुरू केलं. मुलानं चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नानांनी अजून टाकलेलंच आहे. टाकू देत. या वयात मला स्थळं यायची नाहीत.

गेल्या आठवड्यात मात्र कॅम्प एकमधून एक सिंधी बाई शोधत आली. तिच्या मुलीच्या साखरपुड्याला तेजूनंच मेकअप केला होता. "आंटी, आप वही हो ना, जिसने माइक पे बोला? ये भी वही लेती है," म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या त्याच मुलीला तिनं पुढे केलं. पोरीचे ओठ फुटलेले, नजर जमिनीला. मी आईला चहा देऊन बाहेर बसवलं आणि पोरीला तेजूच्या खोलीत नेलं. तिथली एक भिंत अर्धी पिवळी आहे, अर्धी जुनीच हिरवी. हाताला काम हवं म्हणून तेजूनं रंगवायला घेतली होती. रोज वीतभर रंगवायची, कंटाळली की ब्रश पाण्यात. मुलगा म्हणतो, पेंटर बोलावून पुरी करू. मी म्हटलं, हात लावून दाखव.

पोरीनं पिवळा रंग जिथं थांबला होता तिथं बोट फिरवलं. मग पहिल्यांदाच बोलली, "आजी, ये अर्धीच का सोडली?"

"सोडली नाही गो. करत होती. आम्हीच घाई केली."

मी तिच्या गार हातावर हात ठेवला. म्हटलं, "तू सावकाश कर. वर्ष लागू दे, दोन लागू देत. कुणी हसून दाखव म्हणालं, कुठं चल म्हणालं, तर माझं नाव सांग. पालेगावची म्हातारी चावते म्हणावं. दात नाहीत ते सांगू नकोस."