निकेल कमी नव्हतं

पेणजवळच्या एका लहान फाउंड्रीत मी लॅब सांभाळायचो. रोह्याच्या केमिकल कंपन्यांसाठी आम्ही निकेल-सिलिकॉनची चाकं ओतायचो, पंपाच्या आत फिरणारी. आम्ल या धातूला सहसा खात नाही, पण धातू भलता ठिसूळ. मऊ निकेलमध्ये निकेल-सिलिकॉनच्या संयुगाची कडक बेटं असतात. निकेल कमी पडलं की बेटं वाढतात, आणि चाक तडकतं.

त्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि साचा अजून गरम. मी म्हटलं, "फोडा साचा. वर पंखा लावा."

भट्टीवाला माझ्याहून मोठा. त्याच्या घरी गणपती बनतात. म्हणाला, "साहेब, शाडूची मूर्ती पण आमी उन्हात ठेवत नाय. तडकते."

"तुमचे गणपती घरी ठेवा," मी म्हटलं. सगळे हसले.

रोह्यात बसवतानाच चाक दुभंगलं. मालकाने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "निकेल पूर्ण पडलं होतं का, बघायला हवं."

निकेल महाग, आणि ते भट्टीत टाकायचं काम भट्टीवाल्याचं. एकदा बोललो आणि मलाच ते खरं वाटू लागलं. भट्टीवाल्याचा डबा जाताना जड दिसायचा. त्याने घराला रंग दिला, तोही मला खुपला. मालकाने त्याला काढलं. "साहेब, तुमी तरी सांगा," तो म्हणाला. मी टेबलाच्या खणात काहीतरी शोधत राहिलो.

मग तुटलेलं चाक परत आलं. तुकडा कापून, घासून मायक्रोस्कोपखाली धरला. बेटं नेहमीइतकीच. रासायनिक तपासणीतही निकेल पूर्ण. आणि तड्याच्या आत निळसर-तपकिरी झाक. धातू तापलेला असताना तडा गेला आणि आत हवा शिरली, तरच ती येते. म्हणजे साचा फोडला तेव्हाच. अहवालात मी लिहिलं, 'कारण निश्चित नाही.'

पुढे रोह्याच्या एका कंपनीतून फोन आला. भट्टीवाल्याने तिथे अर्ज केला होता. माणूस कसा आहे, म्हणून विचारलं. सगळं ठाऊक असून मी म्हटलं, "जरा जपून घ्या."

परवा त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर शाडू मळत होता. मी सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. त्याचे हात थांबले.

"रोह्याला पण तुमीच?"

"हो."

"मी मेव्हण्यावर संशय धरला, साहेब. तो त्याच कंपनीत हाय. त्यानंच पाय ओढला म्हणून चार वर्षं त्याच्याशी बोललो नाय. हिला माहेरी पाठवली नाय."

बायको दारात उभी होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "च्या नको ठेवू गो." मग मला म्हणाला, "मेव्हणा वरसेला ऱ्हातो, रोह्याजवळ. हे त्याच्यासमोर बोलाल?"

"बोलेन."

त्याने बादलीत हात बुचकळले. मी उठेपर्यंत बायकोने चपला घातल्या होत्या.