कोरिंथियाची ग्वाही

कोरिंथिया बॉल्डिन माणसं विसरायला लागली ती जावयापासून. जावई तसाही विसरण्याजोगाच होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग चर्चचे पाद्री गेले, शेजारीण गेली, आणि या ईस्टरला तिनं पोटच्या पोरीला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

पण मंडळ विसरली नाही. मंडळ म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं भगिनी मंडळ, सोरोरिटी. आमच्या अलाबामातल्या काळ्या बायकांत ते कॉलेजापुरतं नसतं, मरेपर्यंत असतं. कॉलेज सुटलं की गावातल्या शाखेत यायचं, मागून येणाऱ्या पोरींना हात द्यायचा. एका वर्षी एकदम आत आलेल्या सातजणींत थिओला ग्रिम्स आणि कोरिंथिया होत्या. आता सातातल्या तीनच उरल्या, तिसरी ओझेल, जिला नीट ऐकू येत नाही पण बोलायचं मात्र सगळ्यांच्या आधी असतं.

कोरिंथियानं हात द्यावा तो किती! दर शनिवारी तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती कॉलेजच्या पोरी बसलेल्या. कुणाची मुलाखतीची तालीम, कुणाचा अर्ज, कुणाला नीट उभं राहायला शिकवणं. "खांदे वर! न्यायाधीशापुढं उभी आहेस, गुन्हेगारासारखी काय उभी राहतेस?" त्यातली एक पुढं खरंच न्यायाधीश झाली, दोघी डॉक्टर झाल्या. आणि त्या टेबलावर मक्याच्या ब्रेडची ताटं आणून ठेवायची आणि उष्टी उचलायची रोशेल, तिची एकुलती एक मुलगी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. थिओलाला तेव्हाही ते खुपायचं. पण मैत्रिणीच्या घरात बोलायचं किती?

रोशेल कॉलेजात गेली तेव्हा मंडळात येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. या शाखेची एक रीत आहे: मंडळातल्या बाईची लेक आत घ्यायची तर आईनंच तिचा हात धरून दारात आणायचं आणि ठरलेल्या सवाल-जबाबांत तिच्याबद्दल ग्वाही द्यायची. ठरल्या संध्याकाळी बाकीच्या पोरी आत गेल्या. रोशेल पांढऱ्या कपड्यांत दाराशी उभी राहिली, उभी राहिली, आणि कोरिंथिया आलीच नाही. घरी गेली तर आई मासे तळत होती. "जेवून घे," एवढंच म्हणाली. कारण नाही, भांडण नाही. त्यानंतर तीस वर्षं दोघींनी तो विषय काढला नाही. रोशेल पोस्टात लागली, लग्न केलं, मोडलं, आणि आईचं आजारपण आलं तेव्हा तिनंच काढलं.

यंदा डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. रोशेल थिओलाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि कॉफीला हातही न लावता म्हणाली, "मावशी, मला आत घ्या."

"आत्ता? या वयात?"

"आई गेल्यावर तुम्ही दार लावून घेणार ना? घरच्यांना बाहेर काढून?"

खरंच होतं. मंडळातली बाई गेली की चर्चच्या मागच्या दालनात भगिनी तिला शेवटचा निरोप देतात. तिथं नवरा नाही, मुलं नाहीत, कुणी म्हणजे कुणी नाही.

"एकदा दाराबाहेर उभी राहिले, मावशी. पुन्हा नाही राहणार. आईच्या वेळी तरी नाही."

मोठ्या बायकांना नंतरही आत घेता येतं, त्यात अडचण नव्हती. अडचण त्या रीतीची. शाखेची अध्यक्ष लटोन्या, स्वतः कोरिंथियाच्या टेबलावर घडलेली, वकील. ती म्हणाली, "आई हयात आहे तोवर आईचाच हात. मी काय करू? हे मला त्यांनीच शिकवलंय."

"अगं, तिला आज कोणता वार आहे ते कळत नाही!" थिओला म्हणाली.

"दारातले सवाल-जबाब विचारून बघा. माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत त्यांना."

शेवटी एका रविवारी दुपारी पांढरे कपडे घातलेल्या सहा बायका कोरिंथिया होती त्या वृद्धाश्रमात, उन्हाला बसायच्या काचेच्या खोलीत जमल्या. शेजारी ऑक्सिजनची नळी, म्हणून मेणबत्त्या बॅटरीच्या. ओझेलची सारखी विझायची. "चिनी माल!" ती मोठ्यांदा म्हणाली आणि सगळ्यांनी तिला दटावलं. आत काय होतं ते थिओलानं जन्मात कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. दारातलं तेवढं उघडं असतं.

थिओला दाराच्या आत उभी राहिली. बाहेर चाकाच्या खुर्चीत कोरिंथिया, तिच्या हातात रोशेलचा हात. थिओला मनात म्हणत होती, एक 'हो' म्हण गं बाई, एवढं एक म्हण, मग विसर खुशाल सगळं.

"दारात कोण आहे?" थिओलानं विचारलं.

कोरिंथियाची मान ताठ झाली. आवाज शनिवारचा, जुना. "भगिनी आहे, आणि एकटी नाही."

"बरोबर कोण?"

"आत यायची इच्छा धरलेली एक मुलगी."

"तिच्याबद्दल तुझी ग्वाही आहे?"

आता नुसतं 'आहे' म्हणायचं होतं. कोरिंथियानं रोशेलचा हात उलटा केला, तळवा पाहिला, मग चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"पोर चांगली आहे," ती म्हणाली. "कामाचे हात आहेत. पण नाही."

"कोरी..." थिओलाच्या तोंडून निघून गेलं.

"नाही म्हणते ना! माझी स्वतःची पोरगी मी बाहेर ठेवली. त्या सगळ्यांत ती सरस होती, थिओला, तुलाही माहीत आहे. लोक म्हणतील घरचीच ओढली, म्हणून घाबरले मी. मासे तळत बसले. आणि आता ही परकी मुलगी हाताला धरून आत नेऊ? माझ्या पोरीला काय तोंड दाखवू?"

रोशेल खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसली. "तिचा राग गेला असेल हो आता."

"तुला काय ठाऊक? तू ओळखतेस तिला?"

कोरिंथियानं रोशेलचा हात सोडला आणि गालावर थोपटलं. "जा बाळ. दुसऱ्या कुणाला तरी विचार. वाईट वाटून घेऊ नकोस."

ओझेलला एवढं मात्र ऐकू आलं होतं. "म्हातारीला कुठं काय कळतंय? हो म्हणाली समजा आणि चला पुढं!" लटोन्या रडत होती. तिनंही मान हलवली, घ्या म्हणून. लटोन्यानं!

"नको," रोशेल उठली. "तिनं जन्मात पहिल्यांदा माझी बाजू घेतली आहे. ती तुम्ही मोडू नका."

मग तिनं आईच्या अंगावरची शाल नीट केली, आणि बायकांनी आणलेला पाउंड केक कापून सगळ्यांना दिला.

कोरिंथिया तीन आठवड्यांनी गेली. थिओला रोज रोशेलला म्हणायची, सांग तिला, मीच तुझी लेक म्हणून. रोशेलनं दोनदा सांगितलंही. म्हातारी हसली, "छे, माझी रोशेल कॉलेजात आहे."

निरोपाच्या दिवशी मागच्या दालनाशी लटोन्या नातेवाइकांना हलक्या आवाजात बाहेर काढत होती. रोशेल सांगायच्या आधीच बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत जुन्या भगिनींतली थोरली म्हणून पहिले शब्द थिओलानं म्हणायचे होते. ती दारापर्यंत गेली. आत तिची साठ वर्षांची मैत्रीण होती, बाहेर मैत्रिणीची पोर.

"लटोन्या, ओझेलला म्हणायला सांग," ती म्हणाली.

"मावशी, असं कसं? तुम्ही शपथ..."

"दार लाव."

दार लागलं. रोशेल घाबरलीच. "मावशी, आत जा. तुमच्याशिवाय कशी जाईल ती?"

"जाईल. तिला सवय आहे माणसं दाराशी ठेवायची," थिओला म्हणाली, आणि मग तिला कोरिंथियाचा असा राग आला, आणि तिच्या आठवणीनं असं भडभडून आलं, की तिनं रोशेलचा हात गच्च धरला. आतून ओझेलचा मोठा, चुकतमाकत जाणारा आवाज यायला लागला. भगिनींखेरीज कुणी ऐकू नयेत ते शब्द बाहेर ऐकू येत होते. थिओलानं रोशेलचे कान झाकले नाहीत.